टचिंगरावांनी पुसलेली सूज

आमच्या स्टुडिओतून आजवर कुणी जसा आला तसा बाहेर पडलेला नाही. म्हणजे माणूस पडतो हो तसाच, पण त्याचा फोटो नाही. फोटोत डोळ्यांखालची वर्तुळं जातात, गालावरचा खड्डा बुजतो, दोन हनुवट्यांपैकी एक कायमच्या रजेवर जाते. हे काम आमचे हे करतात. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने करायचे, आता कॉम्प्युटरवर माउसने. या कामाला टचिंग म्हणतात आणि ह्यांना सगळा बाजार टचिंगराव म्हणतो. मीसुद्धा. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, आता काय लपवायचं?

हात इतका बसलाय की थांबत नाही. एकदा एका गृहस्थांना पासपोर्टच्या ऑफिसातून परत पाठवलं. "तुमच्या मुलाचा फोटो चालणार नाही, स्वतःचा आणा," असं सांगून. गृहस्थांना मुलगाच नव्हता. पण ते इतके खूश झाले की त्याच फोटोच्या आणखी बारा प्रती घेऊन गेले. पासपोर्टचं काय झालं, देव जाणे.

कॅमेरा आणि लाइट आमच्या मुलाकडे. त्याला सगळे सावकाश म्हणतात. तो "हसा" म्हणतो आणि बटण दाबेपर्यंत गिऱ्हाईक हसून, कंटाळून, घरची काळजी आठवून पुन्हा गंभीर झालेलं असतं. या सावकाशला गणिताच्या शिक्षिकेने कसं पसंत केलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. ती म्हणते, "आई, बाकीचे सगळे घाईत होते."

सूनबाई फार सरळ. लग्नाचा अल्बम हातात पडल्यावर पहिल्याच पानावर थांबली. "बाबा, माझा तीळ कुठाय?"

"कुठला तीळ?"

"हनुवटीवरचा. तो माझा आहे. परत लावा."

तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टचिंगरावांकडे काढलेलं परत मागितलं. त्यांनी लावला. जरासा लहान करून लावला, पण लावला.

तर या सूनबाईला दिवस गेले. आमची धाकटी लेक दूरच्या शहरात नर्स आहे. इथून तिथे जायला आठ तास लागतात, पण तिचा आवाज फोनशिवायही पोहोचेल असा. तिने फर्मान काढलं, "दर रविवारी वहिनीचा फोटो पाठवायचा. तेच स्टूल, तोच पडदा, तोच लाइट. चेहरा बघितला की मला निम्मं कळतं. उरलेलं निम्मं तुम्ही सांगायचं."

झालं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता, दुकान उघडल्या उघडल्या, करड्या पडद्यासमोर सूनबाई. स्टूल हलू नये म्हणून सावकाशने जमिनीवर चिकटपट्टीचे चार चौकोन केले. ती बसायची, तो "हस" म्हणायचा, ती मनातल्या मनात सतरापर्यंत मोजायची आणि मग हसायची. बरोबर बटण दाबलं जायच्या वेळी. गणित कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

मग फोटो टचिंगरावांकडे. आता या फोटोला टचिंग करायची काही गरज होती का? नव्हती. पण "घरची सून अशी जाऊ द्यायची?" असं म्हणून ते बसायचे. मी खोटं कशाला बोलू, मीही मागे उभी राहून म्हणायचे, "त्या डाव्या पापणीकडेही बघा जरा. झोप झालेली दिसत नाही पोरीची." पहिल्या रविवारी तीन मिनिटं लागली. सातव्या रविवारी पाऊण तास. त्यांचा चहा दोनदा गार झाला, मी दोनदा गरम केला. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी चहाकडे बघत होते.

सातव्या फोटोनंतरच्या गुरुवारी अंगठी अडकली. सूनबाई बोट पाण्याखाली धरून उभी. मी साबण आणला. सावकाशने कुठेतरी वाचलं होतं म्हणून दोरा आणला, बोटाला गुंडाळला, आणि अंगठी निघायच्या ऐवजी दोराही अडकला. तो सोडवायला मी तेल आणलं. मग बाटली माझ्या हातातून सटकली, सावकाश तेलावरून सटकला, आणि टचिंगराव दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "कशाला ओढाताण करताय? राहू दे ना. फोटोत मी काढून देतो."

आम्ही सगळे हसलो. सूनबाईही. तिचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं, तिने कपाळ दाबलं.

"डोकं?"

"दोन दिवस आहे. पेपर तपासतेय ना. मुलांनी अपूर्णांकांचं जे काही केलंय, ते बघून कुणाचंही दुखेल."

पटलं मला. डॉक्टरांकडची तारीखही तिने याच पेपरांसाठी पुढे ढकलली होती. शेवटचं प्रेशर मोजलं त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. पाय सुजले होते, पण माझेही सुजले होते दोन्ही वेळेला, मी ह्यांच्या चपला घालून फिरत होते. म्हणून मीच छातीठोकपणे म्हणाले, "अगं, पाणी साठतं. होतं असं." मला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि डोळ्यांपुढे चमकायला लागलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात याने घाबरगुंडी उडाली असती. पण आमच्या घरात रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांपुढे चमकत असतं. सूनबाई म्हणाली, "मला मधूनच ठिणग्यांसारखं दिसतं," तर टचिंगराव सावकाशवर ओरडले, "किती वेळा सांगितलं, फ्लॅशला कापड लाव! पोरीचे डोळे घालवशील!" त्याने निमूटपणे पांढरं कापड लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरं लावलं. शनिवारपर्यंत फ्लॅशच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त कपडे होते.

रविवार उजाडला. त्या दिवशी आधीच एक गिऱ्हाईक आलेलं. चांगले धिप्पाड गृहस्थ, खाली अर्धी चड्डी आणि चपला, वर आमच्या स्टुडिओचा काळा कोट आणि लाल टाय. कोट त्यांच्याहूनही धिप्पाड, म्हणून मी तो पाठीमागून कपडे वाळत घालायच्या सात क्लिपांनी आवळला होता. समोरून साहेब, मागून दोरीवरची धुणी. त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं बसा हं, घरचा फोटो आहे." ते बसले. पाठ न टेकता.

सूनबाई स्टुलावर बसली. सावकाश लाइटपाशी वाकला.

"आत्ता चमकलं," ती म्हणाली.

"काय?"

"फ्लॅश. हसायच्या आधीच दाबलंस तू. मी सहावरच होते."

"अगं, मी अजून दाबलंच नाही."

"दाबलंस. दोनदा. हे बघ, परत!"

सावकाश सरळ झाला. त्याच्या एका हातात वायर होती आणि वायरच्या टोकाला प्लग. "प्लग माझ्या हातात आहे," तो म्हणाला.

 क्लिपवाल्यांनी एकदा प्लगकडे बघितलं, एकदा सूनबाईकडे, आणि हळूच म्हणाले, "मला तर काहीच चमकलेलं दिसलं नाही बुवा."

मी फोन लावला. लेक ड्युटीवर निघाली होती. मी सांगायला लागले: डोकं, ठिणग्या, अंगठी. ती ऐकत होती.

"पण आई, चेहरा तर छान आहे ना तिचा. गेल्या रविवारचा फोटो माझ्यासमोर आहे. सूज नाही, काही नाही. उलट जरा बारीकच..." ती थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाबांना दे."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, हा फोटो ओरिजिनल आहे ना?"

टचिंगरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"बाबा."

"थोडंसंच केलंय गं."

"थोडंसं म्हणजे?"

"पापण्या. गाल. नाकाच्या दोन्ही बाजू. हनुवटीखाली जरा."

"आणखी?"

"बोटं," ते म्हणाले. एवढंसं तोंड झालेलं त्यांचं.

"अहो बाबा!" फोन टेबलावर थरथरला. "मला सात आठवडे तुम्ही तुमची कलाकारी पाठवताय होय? मी कौतुकाने बघतेय, वहिनीला काय मानवलंय म्हणून! ओरिजिनल काढा. सगळे. आत्ता!"

टचिंगराव काहीही टाकून देत नाहीत, ही त्यांची खोड एवढी वर्षं मला छळत आलीय. त्या दिवशी तीच उपयोगाला आली. 'ओरिजिनल' नावाच्या फोल्डरात सातही रविवार होते. सावकाशने आठवा फोटो काढला, फ्लॅशशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा झटकन. ते आठ चेहरे स्क्रीनवर ओळीने लागले. तोच पडदा, तेच स्टूल. पहिले पाच आमच्या सूनबाईचे. सहावा तिच्या थोराड बहिणीचा वाटावा असा. सातव्या आणि आठव्यात डोळ्यांच्या जागी दोन फटी राहिल्या होत्या आणि तीळ सुजेत बुडायला आला होता.

रोज जेवायला समोर बसत होती ती. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात, तसं झालं असेल. की आमच्या नजरेलाही टचिंगची सवय लागली होती? कोण जाणे.

"वहिनी," लेकीचा आवाज आता अगदी खाली आला होता, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "उजव्या बाजूला, बरगडीखाली दुखतंय का?"

"कालपासून. अ‍ॅसिडिटी आहे."

"ती अ‍ॅसिडिटी नाही असं समजायचं आणि हॉस्पिटलला निघायचं. आत्ताच्या आत्ता. मी चुकले असेन तर आल्यावर माझे कान उपटा."

"माझे एक्केचाळीस पेपर राहिलेत. संध्याकाळी जाते."

"वहिनी, ऐक. पाय बऱ्याच जणींचे सुजतात. चेहरा आणि हात असे अचानक सुजले, डोकं दुखत राहिलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर प्रेशर वर गेलेलं असू शकतं. मग फिट येऊ शकते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळाला पोसणारी वार आधीच सुटली तर त्याचा रक्तपुरवठा बंद. संध्याकाळ कुणी बघितलीय?"

सूनबाईने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. ते पेन तिच्या हातात होतं, हेही मला तेव्हाच दिसलं.

आमच्याकडे वाहन म्हणजे एक स्कूटर. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय, तोवर क्लिपवाले उठले. "माझी गाडी बाहेर आहे," ते म्हणाले. "चला."

मागे सूनबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून डाव्या कुशीवर. शेजारी दाटीवाटीने सावकाश. पुढे टचिंगराव, मांडीवर फोन घेऊन. सावकाशच्या पायात चपला नव्हत्या आणि हातात लाइटची पांढरी छत्री होती. ती का घेतली, त्यालाही सांगता आलं नाही. "हातात होती," एवढंच म्हणाला. माझ्या मांडीवरचं डोकं जड होतं आणि गरम होतं. मी एकीकडे तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि दुसरीकडे स्वतःला शिव्या घालत होते. पाणी साठतं म्हणे! मोठी आलीस डॉक्टरीण.

हॉस्पिटलच्या दारात रखवालदाराने छत्री अडवली, पण क्लिपवाल्यांना सलाम ठोकला. काळा कोट, लाल टाय, कपाळाला आठ्या. ते नुसते "स्ट्रेचर!" म्हणाले आणि स्ट्रेचर आलं. "सर, कुठे घ्यायचं?" वॉर्डबॉयने विचारलं. "बाळंतपणाकडे, लवकर!" सर म्हणाले. बाकावरचे दोघे आदराने उभे राहिले. सर स्ट्रेचरबरोबर पुढे धावले, तेव्हा मागून सात क्लिपा आणि दोन केसाळ पोटऱ्या दिसल्या आणि ते दोघे हळूच खाली बसले.

दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशे बहात्तर, खाली एकशे चौदा. लघवीत प्रथिनं. मग खोलीत एकदम माणसं वाढली. एक सलाईन लागलं, एक इंजेक्शन प्रेशरचं, दुसरं फिट येऊ नये म्हणून. सूनबाई म्हणाली, "अंगातून आग चाललीय." नर्स म्हणाली, "त्या औषधाने होतं तसं, मी इथेच आहे." मग तिने छोट्या कातरीसारख्या हत्याराने अंगठी कापली. दोरा अजून तिथेच होता. "हा कशाचा दोरा?" तिने विचारलं. सावकाशने छताकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं नीटनेटकं. "याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पस्तिसावा आठवडा आहे. प्रेशर औषधाने आवरतोय, पण खरा इलाज बाळंतपण हाच. आज थांबलो तर दोघांनाही धोका आहे."

मी विचारलं, "माझ्या हातून काही...? मी मीठ जास्त घालते हो."

"मीठ नाही, काम नाही, काळजी नाही. वार नीट रुजत नाही, तिथून हे सुरू होतं. कुणाला का होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. तिची काही चूक नाही. तुमचीही नाही."

टचिंगरावांनी फोन पुढे केला.  "हे ओरिजिनल आहेत. आठही. यात मी काही पुसलेलं नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "पाठवलेल्यात पुसलं होतं."

बाईंनी एकेक फोटो बघितला. "फोटो चांगले आहेत. पण काका, फोटोवर विसंबू नका, खऱ्यावरसुद्धा. कित्येकींना सूज येत नाही, डोकं दुखत नाही, काहीही कळत नाही. दंडाला पट्टा बांधल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून ती तपासणीची तारीख चुकवायची नसते."

सोमवारी दुपारी नात झाली. एक किलो नऊशे चाळीस. बाळाला रक्त कमी पोहोचत होतं, म्हणून वजन मागे पडलेलं. ती काचेच्या उबदार पेटीत आणि आम्ही बाहेर काचेला नाकं लावून. चेहरा असा की कुणीतरी तिची रांग मोडून पुढे घुसलंय. कपाळावर आठ्याच आठ्या. मी चोरून टचिंगरावांच्या उजव्या हाताकडे बघितलं. पहिलं बोट आपोआप हलत होतं, माउस दाबल्यासारखं. माझं लक्ष गेलंय म्हटल्यावर त्यांनी हात खिशात घातला.

आठव्या दिवशी दोघी घरी आल्या. बरोबर प्रेशरचं मशीन. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, वहीत लिहायचं. बाळंत झाली म्हणजे संपलं असं नाही, सहा आठवडे लक्ष ठेवायचं, असं बाईंनी चार वेळा बजावलं होतं. वहीचं काम टचिंगरावांनी मागून घेतलं. मोजलं, आणि सुंदर अक्षरात लिहिलं: १३८/८८.

सूनबाईने मशीनचं मागचा आकडा दाखवणारं बटण दाबलं. "बाबा, इथे १४८/९४ आहे."

"हो, पण ते बघायला बरं वाटत नव्हतं."

फोनवर आमची लेक एवढी ओरडली की पाळण्यातली झोपेत दचकली. "बाबा! आकड्यांना टचिंग? आकड्यांना?" टचिंगराव त्या दिवशी जेवले नाहीत. वहीचं पान त्यांनी फाडलं नाही. आकडा खोडला आणि खाली खरा लिहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनने घरघर केली आणि थांबली. टचिंगराव आकड्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काय आलं?" त्यांनी पेन घेतलं आणि १६२/१०८ असं लिहिलं, एवढं मोठं की अख्खं पान भरलं. मग पुन्हा एकदा मोजलं, खाली पुन्हा तसंच लिहिलं, आणि माझी वाट न बघता स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. "एकशे बासष्ट," ते फोनमध्ये म्हणाले. "हो, ओरिजिनल."

सूनबाई दोन दिवस आत होती. औषध वाढवलं, प्रेशर उतरलं. बाई तिला म्हणाल्या, "आजच्या आज आलात ते बरं केलंत." तिने सासऱ्याकडे बोट दाखवलं. सासरे खिडकीतून बाहेरच्या गाड्या मोजायला लागले.

सहा आठवडे झाले त्या रविवारी सगळ्यांनी एकत्र फोटो काढायचा ठरलं. वहीतले आकडे खाली येऊन स्थिरावले होते. लेक रजा काढून आली होती. क्लिपवाल्यांनाही बोलावलं, कारण त्यांचा फोटो त्या दिवशी राहिलाच होता, आणि कोटही त्यांच्याकडेच होता. सावकाशने कॅमेऱ्याला टायमर लावला आणि धावत येऊन बसला. सूनबाईने मोजलं, एक ते सतरा, आणि आम्ही सगळे सतराला हसलो. नात सोडून. तिला पटलेलं नव्हतं.

फोटो स्क्रीनवर आला. टचिंगराव खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

"बघते हं मी," सूनबाई म्हणाली. ती वाकून एकेक तपासत होती, पेपर तपासल्यासारखी. "तीळ आहे. मूळ मापाचा आहे. बाळाच्या आठ्या... सहा. बरोबर. आईंची दुसरी हनुवटी आहे."

"ती गेली तरी चालेल," मी म्हटलं.

"नाही, आई. बाबा, तुमचे डोळे सुजलेत."

खरंच सुजले होते. लाल होऊन, पापण्यांसकट. आदल्या संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन ते काय करत बसले होते, ते मी पाहिलं होतं, पण सांगितलं नव्हतं.

लेकीने मशीन उचललं. "हात पुढे करा, बाबा."

"अगं, मला काय झालंय?"

"हात."

पट्टा बांधला. घरघर झाली. सगळे वाकून बघायला लागलो, क्लिपवालेसुद्धा. १२६/८०.

"प्रेशर ठीक आहे," लेक म्हणाली. "मग ही सूज कसली?"

टचिंगरावांचा हात माउसकडे गेला. सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि माउस उचलून पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ही छान दिसतेय."